चौथं पत्र

“चौथं पत्रसुद्धा वाचून गप्प बसलेत ते, बाबा. आता मी आणखी काय करायचं?”

चर्चचे पाळक सिलास भिंगारदिवे ओट्यावर टेकले तेच वैतागून. शेजारी म्हातारे अमोलिकबाबा वालाच्या शेंगा सोलत होते. सिलासना शास्त्र शिकवलं बाबांनीच, त्यामुळे अख्ख्या गावात त्यांना अरेतुरे करणारा तेवढा एकच माणूस.

“कुणाला लिहिलंस म्हणालास?”

“येशुदास साळव्यांना. किती वेळा सांगू?”

गावात ख्रिस्ती घरं मोजकीच, त्यातही दोन तट. प्रभुभोजनाचा द्राक्षरस सगळ्यांनी एकाच पेल्यातून घ्यायचा, की ज्याला त्याला छोटा ग्लास द्यायचा, एवढ्यावरून पेटलं होतं. साळव्यांच्या मागे निम्मी घरं उठून गेली नि शाळेच्या ओसरीत उपासना करू लागली. येत्या रविवारी ते वेगळ्या मंडळीची, म्हणजे स्वतंत्र चर्चची, पाटी लावणार होते. एकदा पाटी लागली, की सोयरिकी तुटणार. मयताला खांदा द्यायलासुद्धा माणूस आधी विचार करणार.

“वाच बघू,” बाबा म्हणाले.

सिलासनी नक्कल उलगडली. पत्रात होता पहिल्या मंडळ्यांच्या काळातला एक म्हातारा बिशप. रोमला सिंहांपुढे टाकायला नेत होते त्याला. वाटेतून त्यानं ठिकठिकाणच्या मंडळ्यांना पत्रं धाडली, फुटू नका म्हणून. सिलासनी त्यावर प्रबंधच लिहिला होता. तोच साळव्यांच्या गळी उतरवायचं चाललं होतं.

“झालं?”

“अजून तीन पानं आहेत.”

“साळव्याचे गुडघे कसे आहेत रे?”

“मला काय ठाऊक? सहा महिन्यांत तोंड पाहिलं नाही मी त्यांचं.” सिलासनी कागद मांडीवर आपटला. “बाबा, मी एकीचं बोलतोय आणि तुम्ही गुडघे काय काढताय?”

“बरं… पत्र कोण नेऊन देतं?”

“पोस्टानं पाठवतो. रजिस्टर.”

बाबांनी मान वळवून पाहिलं. पाण्याचा हापसा, त्याच्या पलीकडे तिसरं दार साळव्यांचं. दारात त्यांची बायको पापड वाळत घालताना दिसत होती.

“तालुक्याला जाऊन येत असेल मग.”

“चार दिवस लागतात.”

“हं…”

“हं काय, बाबा?”

“स्वतः जायला काय झालं?”

“मी दीक्षा घेतलेला पाळक आहे. उठून गेले ते. मी का त्यांच्या दारात जाऊन उभं राहायचं?” सिलासचा आवाज आता पार हापशापर्यंत जात होता. “आणि त्या हुतात्म्यानंसुद्धा पत्रंच लिहिली ना?”

“तो का नाही गेला?”

“कसा जाणार? दहा शिपाई पहाऱ्याला, पायांत बेड्या…”

बाबांनी शेंगांची टोपली बाजूला सारली. कण्हत ओट्यावरून खाली उतरले. कमरेवर हात ठेवून वाकले, सिलासचा उजवा पाय धरला आणि पँट वर सरकवली.

“अहो बाबा, हे काय? लोक बघतायत. पाया मी तुमच्या पडायचं…”

बाबा घोटा चाचपतच राहिले. पुढून, मागून, पार टाचेपर्यंत.

“शोधताय तरी काय?”

“बेडी,” बाबा म्हणाले. “ह्या पायात तर नाही… तो दुसरा इकडं कर.”