पिंपाचं झाकण

पिंपं बोलायची, तेव्हाची गोष्ट. बागेतलं खताचं पिंप कशालाच नाही म्हणत नसे. सालं घ्यायचं, उरलेला वरणभातही घ्यायचं. भाताच्या वासानं उंदीर आले आणि पिंपाखाली बिळं करून राहिले.

"उंदीर गेले नाहीत, तर पिंपच भंगारात देईन!" मालकीणबाई किंचाळल्या.

पिंप घाबरलं. "आता गं मावशी?"

"भात आला की झाकण घट्ट धर," आतली गांडूळमावशी म्हणाली.

पिंपानं तसंच केलं. झाकण उघडेना, तेव्हा बाई भात गाईला घालू लागल्या.

उंदरांचा म्होरक्या तणतणत आला. "दादा, पाहुण्यांना उपाशी ठेवतोस?"

"छे! बसा की. लिंबाची सालं आहेत, चहाचा चोथा आहे. पोटभर वाढतो."

उंदरांनी बिऱ्हाड हलवलं. "पूर्वी किती दिलदार होतास!" जाताना म्होरक्या म्हणाला.

"अजून आहे," पिंप म्हणालं. "विचार माझ्या खतावर फुललेल्या त्या गुलाबाला."