गुलाबी पिल्लू आणि खुडूक कोंबडी

रानाच्या कडेला, करवंदीच्या जाळ्या संपतात तिथे, एक इवलीशी झोपडी होती. झोपडीत शेवंता नावाची मुलगी आणि तिची आई राहायच्या. आई मोठ्या तापातून उठली होती, पण अंगात नुसती हाडं उरली होती. वैद्यबुवा म्हणाले, "हिला रोज एक अंडं द्या." सांगायला काय जातं! शेवंताचं खुराडं रिकामं होतं. उन्हाळ्यात कोंबड्यांवर रोग आला आणि एकही वाचली नाही.

अशात गावात पिल्लंवाला आला. सायकलच्या मागे जाळीची टोपली, आणि टोपलीत काय, तर सगळं इंद्रधनुष्य! गुलाबी पिल्लं, हिरवी पिल्लं, जांभळी पिल्लं. इवल्या चोची, इवले डोळे, कापसाचे गोळेच जणू! "परीच्या देशातली पिल्लं!" तो ओरडत होता. "महिन्यात अंडी देतात! जुन्या भांड्यांची मोड आणा, पिल्लं न्या!" मेल्याच्या जिभेला हाड नव्हतं. शेवंताने घरातली एकुलती एक पितळी कळशी त्याला दिली आणि ओटीभर पिल्लं आणली.

दुसऱ्या सकाळी पिल्लं पाण्याच्या वाटीत उतरली आणि पाणीच रंगीत झालं. त्या बिचाऱ्यांना रंगात बुचकळून काढलं होतं! आपल्या आईची ऊब कधी मिळाली नव्हती, वर हा छळ. एकेक पिल्लू मान टाकायला लागलं. शेवंताने त्यांना चुलीजवळ ठेवलं, कण्या भरडून दिल्या, पण तिसऱ्या दिवशी उजाडताना उरलं एकच, अर्धवट गुलाबी.

दुसरी एखादी मुलगी रडत बसली असती. शेवंता संतापली. अशी संतापली, की तिचे कान लालबुंद झाले. पिल्लंवाला तर केव्हाच पसार झाला होता. मग जाब विचारायचा कुणाला? परीला! तिच्याच देशातली ना ही पिल्लं? शेवंताने उरलेलं पिल्लू ओच्यात घेतलं आणि ती तरातरा रानात गेली.

जाळ्यांच्या पलीकडे, दवाने चमचमणाऱ्या हिरवळीवर, खरोखरच एक परी बसली होती. पंख चांदण्याचे, झगा मोरपिशी, केसांत जाईच्या नाजूक कळ्या.

"ये बाळ, तुझे डोळे पुसते," परी मंजुळ आवाजात म्हणाली. तिच्याकडे येणारी मुलं रडतच यायची.

"माझे डोळे कोरडे आहेत!" शेवंता कडाडली. "लाज नाही वाटत? गरिबाच्या घरातली कळशी नेता आणि मरायला टेकलेली पिल्लं देता?"

परी गोंधळली. शेवंताने सगळं सांगितलं तेव्हा तिचे पंख थरथरले. "माझं नाव घेऊन विकली? माझ्या देशात पिल्लं नसतातच गं! थांब, मी तुला एक वर देते. पण नियम आहेत हं. दव वाळायच्या आत मागायचा, आणि एकदा मागितला की बदलायचा नाही."

"त्या पिल्लंवाल्याचा बेडूक कर!"

"वराने कुणाचं वाईट करता येत नाही, बाळ. हाही नियमच."

"वा गं वा! त्यांनी वाटेल ते करावं, आणि आमच्या रागाला तेवढे नियम!"

परी खजील झाली. तिने घाईघाईने छडी फिरवली आणि हिरवळीवर एक कोंबडी उभी राहिली. सोनेरी पिसं, माणकासारखा तुरा, शेपटीला मोत्यांच्या माळा.

शेवंताने तिला नीट निरखलं. "घार आली तर पळेल?"

"मोत्यांचा भार आहे ना, पळणार कशी?"

"उकिरड्यावर किडे टिपेल?"

"छे! हिला केशरी भात लागतो."

"खुडूक बसेल?"

"खुडूक म्हणजे?" परीने विचारलं.

शेवंताने कपाळावर हात मारला. "अगं, अंडी उबवायला बसते ती खुडूक! तुला कुणी परी केलं?"

"पण ही रोज अंडं देईल," परी हळूच म्हणाली. "न चुकता, रोज."

आईचे खोल गेलेले गाल तिच्या डोळ्यांपुढे आले. गवताच्या टोकांवरचं दव सरत चाललं होतं. ती वर मागणार, एवढ्यात ओच्यातल्या पिल्लाने चोच उघडली. आवाज फुटेना. ते शेवंताच्या बगलेत डोकं खुपसायला बघत होतं, पांघरायला पंख शोधत होतं. शेवंताला संताप असा अनावर झाला, की तोंडातून शब्द निघूनच गेले.

"याला आई दे!"

सोनेरी कोंबडी विरून गेली.

"आई मला घडवता येत नाही," परी म्हणाली. "कुठे आहे ते मात्र दाखवते." आणि एक सोनुला कवडसा होऊन ती शेवंतापुढे उड्या मारत निघाली.

कवडसा थांबला तो खालच्या आळीला, बायजाक्काच्या अंगणात. बायजाक्काच्या तोंडी लागायची गावात कुणाची छाती नव्हती. तिच्या पडवीत, डालग्यात, म्हणजे विणलेल्या टोपलीत, मातकट रंगाची गावरान कोंबडी बसली होती. तिच्या अंड्यांतून सकाळीच पिल्लं निघाली होती.

"उजेडी तिच्याखाली घालू नकोस, परकं पिल्लू दिसलं तर टोचून मारेल," बायजाक्का खेकसली. "दिवेलागणीपर्यंत छातीशी धर." मग वर कसला, परी कसली, ते ऐकून ती आणखी भडकली. "अगं खुळे, हे लोक नरच विकतात! हा कोंबडा आहे. हा घालणार तुझ्या आईसाठी अंडं? याच्यापायी वर घालवलास?"

"घालवला!" शेवंता ओरडली. "अंडं देत नाही म्हणून मरू द्यायचा का?"

बायजाक्काने बाजूला सरकून तिला डालग्याजवळ जागा करून दिली.

अंधारून आलं. शेवंताने मुठीतलं पिल्लू हळूच कोंबडीच्या पोटाखाली सरकवलं. कवडशातली परी कौतुकाने वाकून बघायला लागली, तिचा उजेड डालग्यात पडला, आणि गुलाबी पिसं दिसताच कोंबडीने मान फुगवून चोच उगारली.

"अगं, तुझा उजेड आवर!"

"उजेड गेला की मीही जाणार, शेवंता."

"मग जा!" शेवंता म्हणाली. मग हळूच म्हणाली, "जा गं. मरेल तो."

परी हसली. क्षणभर सगळं अंगण सोन्याचं झालं. खुराडं, उखळ, बायजाक्काचे पांढरे केस, सगळं लखलखलं. मग तो उजेड मिटला आणि परी दिसेनाशी झाली.

काळोखात कोंबडी घुमली. कुक, कुक, कुक. शेवंताच्या हातावरून पंख सरकला आणि पिल्लाला झाकून गेला.

"डालग्यासकट घरी ने," काळोखातून बायजाक्का बोलली. "अर्धलीनं देतेय. पिल्लं मोठी झाली की निम्मी माझी, निम्मी तुझी. कोंबडी पुन्हा अंड्यावर येईपर्यंत आईसाठी रोजचं अंडं इथून न्यायचं. आणि आभार मानलेस, तर थोबाडीत देईन!"

शेवंताने आभार मानले नाहीत. डालगं डोक्यावर घेऊन ती झपाझप घराकडे निघाली. आत सगळी पिल्लं एका पंखाखाली चिवचिवत होती, आणि त्यांतला गुलाबी पिल्लाचा आवाज कुठला, ते तिलाही ओळखू येत नव्हतं.