मैना ओढ्यावर येते

झाडं एकमेकांना हाका मारायची त्या काळी ओढ्यात धोंडबा नावाचा म्हातारा खेकडा राहायचा. "माझ्यासारखी आठवण पंचक्रोशीत कुणाची नाही," तो सांगायचा, "फक्त ती कुठे ठेवलीय ते आठवत नाही." गेल्या उन्हाळ्यात ओढा आटायच्या आत डोहात जायचं विसरला आणि चिखलात मरता मरता वाचला.

वडावर मात्र चैन होती. पाखरं संध्याकाळी आपापली कामं मैनेला सांगायची आणि सकाळी ती प्रत्येकाला आठवण करून द्यायची. ओढ्यावर ती फिरकायची नाही. चार खेकड्यांसाठी कोण पंख भिजवणार? धोंडबाने "वडाची लाडकी, वडाची लाडकी" असं चिडवून तिला हैराण केलं, तेव्हा कुठे एका सकाळी ती आली.

धोंडबा तिरका तिरका नाचत दगडावर चढला. बेडकांना म्हणाला, "बघा रे, आजपासून आपणही वडकर."

मैनेने खणखणीत आवाजात सुरू केलं, "पंख झटक. घरट्यात काड्या घाल. पिल्लांना उडायला शिकव."

"अगं बये, मी उडू? आणि डोहात जायची वेळ झाली की मला कोण सांगणार?"

मैना म्हणाली, "धोंडबा, वर्षभर मला टोमणे मारलेस. तुझं काम काय, ते एकदा तरी सांगितलंस का?"