फलकावरची बदकीण

तळ्याकाठी नुकतेच कॅमेरे येऊ लागले होते, तेव्हाची गोष्ट. एका माणसाने रानबदकिणीचा फोटो काढला. घरी जाऊन त्याने तिची चोच चकचकीत केली, पाण्यातलं शेवाळ पुसून टाकलं आणि फोटोचा मोठा फलक करून काठावर लावला.

तिचा नवरा बदकोबा फलकासमोरून हलेना. "काय देखणी आहे ही!"

"अहो, ती मीच आहे!" बदकीण करवादली.

"तू? तुझ्या चोचीला सदा चिखल!"

"मग जा तिच्याकडेच!"

बदकोबा ऐटीत फलकाखाली जाऊन बसला. संध्याकाळी मात्र खालमानेने परतला.

"का हो, काय झालं?"

"तिच्या तळ्यात खायला काहीच नाही गं!"

बदकिणीने चिखलात चोच खुपसली, शेवाळाचा घास उपसून त्याच्यापुढे टाकला आणि म्हणाली, "गिळा!"