बंदूक तिथं आप्पाजी

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी हे सगळं सुरू झालं.

एका गावात एक भोळा जावई राहत होता. नाव गुंडू. सासुरवाडीतच राही. सांगितलेलं काम जसंच्या तसं करी. गाडी मात्र झकास चालवी, कारण गाडी सांगितलेलं ऐकते आणि गुंडूही.

त्याचे सासरे आप्पाजी. आप्पाजींकडे परवान्याची बंदूक होती, रानडुकरांसाठी. डुकरं भुईमुगात घुसली की आप्पाजी हवेत एक बार काढत. तेवढ्यावर वर्षाचं पीक घरात येई.

तर सात वाजून दहा मिनिटांनी पोलीस पाटील दारात आले.

"आप्पाजी, निवडणूक लागलीय. बंदुका ठाण्यात जमा करायच्या. आज शेवटचा दिवस. संध्याकाळी पाचच्या आत बंदूक पोचली नाही, तर परवाना गेला."

आप्पाजींनी बोटांवर हिशेब मांडला. परवाना गेला म्हणजे बंदूक गेली. बंदूक गेली म्हणजे भुईमूग डुकरांचा.

त्यातून आप्पाजींचा पाय प्लास्टरात. माळ्यावरून पडले होते.

गुंडू म्हणाला, "मामा, तुम्ही पडून राहा. मी देऊन येतो."

"तसं चालत नाही, जावईबापू. परवाना माझ्या नावावर. बंदुकीला एकटं सोडायचं नाही. बंदूक तिथं मी. क्षणभरसुद्धा हलायचं नाही."

"असं होय," गुंडू म्हणाला. "ठेवलं डोक्यात."

आप्पाजींनी बंदूक उघडली, दोन काडतुसं काढली. "हे बघा. गाडीत नेताना भरलेली न्यायची नाही. आधी रिकामी करायची."

"ठेवलं डोक्यात."

(पोरांनो, घरात बंदूक असली तर रिकामी असली तरी हात लावायचा नाही. लांबूनसुद्धा नाही. हं, पुढं ऐका.)

सासूबाईंनी डबा दिला. भाकरी, पिठलं, वर मिरचीचा ठेचा. गुंडूनं डबा हातात घेतला. डबा भरलेला होता. गुंडूनं तो म्हशीपुढं रिकामा केला, झाकण लावलं आणि गाडीत ठेवला.

तिठ्यावर आप्पाजींना भूक लागली. डबा उघडला. आत डब्याचा तळ.

"जेवण कुठाय?"

"काढलं. भरलेलं न्यायचं नाही म्हणालात."

जावयाला शिवी देता येत नाही. म्हणून आप्पाजींनी प्लास्टरला दिली.

"तसं नाही, जावईबापू! ते बंदुकीचं."

"मग जेवणाचं कसं?"

"जेवणाचं राहू द्या. आता एवढंच ऐका. बंदूक आणि काडतुसं एकत्र ठेवायची नाहीत. एक मागं डिकीत, एक पुढं. दोघांची गाठ पडू द्यायची नाही."

"असं होय. ठेवलं डोक्यात."

पुढं रस्त्यात शालन उभी होती, शेजारच्या वाडीची. कडेवर बाळ, हातात दुधाची बाटली. बाळाला डोस द्यायला दवाखान्यात निघाली होती.

"दादा, सोडता का?"

"बस की," गुंडू म्हणाला. त्यानं बाळ आणि आई पुढं बसवली. बाटली डिकीत टाकली आणि कुलूप लावलं.

बाळ रडायला लागलं. साधंसुधं नाही, गाडीच्या काचा थरथरतील असं.

"अहो दादा, बाटली द्या ना!"

"दोघांची गाठ पडू द्यायची नाही."

"बाळाची आणि बाटलीची?"

"एक पुढं, एक मागं."

शालननं असा आवाज चढवला की बाळ क्षणभर गप्प झालं. तेवढ्यात दवाखाना आला. बाटली हिसकावून ती उतरली. जाताना आप्पाजींना म्हणाली, "काका, पाय बरा होईल तुमचा. ह्याचं काय करणार?"

आप्पाजींनी प्लास्टरला शिवी दिली.

"जावईबापू, ते बंदुकीचं! बाळाचं नाही. आणि ती डिकीतली बंदूक उघडी दिसत होती. तालुक्याच्या वाटेवर ती लोकांना दिसता कामा नये. नीट झाकून घ्या."

"ठेवलं डोक्यात."

गुंडू खाली उतरला. बंदूक घोंगडीत गुंडाळली. मग तो गाडीच्या मागं गेला. तिथं लोकांना काय दिसतं, तर नंबर. त्यावर त्यानं टॉवेल बांधला. पुढचा नंबर सासूबाईंच्या डब्याच्या फडक्यानं झाकला.

नाक्यावर पोलिसानं शिट्टी मारली.

"गाडीचा नंबर कुठाय?"

"झाकलाय."

"का?"

"लोकांना दिसू नये म्हणून."

पोलिसानं डिकी उघडली. घोंगडीत बंदूक! मग काय, सगळी तपासणी झाली. परवाना बघितला, काडतुसं मोजली, प्लास्टरवरसुद्धा टकटक करून बघितलं. दुपार तिथंच गेली. शेवटी पोलीस म्हणाला, "जा. पण बंदूक असली तर थांबल्याबरोबर स्वतःहून सांगत जा. विचारायची वाट बघू नका."

"असं होय," गुंडू म्हणाला. "ठेवलं डोक्यात."

तालुक्यात शिरले तर चौकात प्रचार. ढोल, झेंडे, फटाके. गाडी थांबली. उमेदवार हात जोडून खिडकीत वाकला. "काय काका, लक्ष असू द्या आमच्यावर!"

गुंडूनं मान बाहेर काढली. "गाडीत बंदूक आहे."

उमेदवाराचे हात जोडलेलेच राहिले. पाय मात्र मागं पळाले. मागून कार्यकर्ते, त्यांच्या मागून ढोल. एका मिनिटात चौक रिकामा. नुसता झेंडा उभा, तोही कुणीतरी खांबाला बांधला होता म्हणून.

आप्पाजींचा पाय ठणकायला लागला होता. त्यांनी उपाशीपोटीच दुखण्याच्या दोन गोळ्या घेतल्या आणि म्हणाले, "जावईबापू, ते पोलिसाला सांगायचं! चारचौघांत तोंड उघडायचं नाही. कळलं?"

"ठेवलं डोक्यात."

पाचला थोडी मिनिटं कमी असताना गाडी ठाण्यात पोचली. गुंडूनं आप्पाजींना पाठीवर घेऊन आत नेलं, खुर्चीत बसवलं आणि घोंगडीतली बंदूक टेबलावर ठेवली. ठाणं बंदूकवाल्यांनी भरलं होतं. हवालदारानं परवाना बघितला, बंदुकीचा नंबर ताडून बघितला, पावती फाडली. आप्पाजींनी पावती कपाळाला लावली, "परवाना वाचला एकदाचा!" म्हणाले, आणि रिकाम्या पोटी घेतलेल्या गोळ्यांनी तिथंच झोपले.

तेवढ्यात साहेबांनी बंदोबस्ताला हाक मारली. हवालदाराची धांदल उडाली.

"ओ, तेवढी बंदूक आतल्या खोलीत ठेवा. मी आलोच सील करायला."

गुंडूनं बंदूक आत नेली. भिंतीला टेकवली. आणि थबकला.

बंदूक एकटी पडली होती. तिथं दुसऱ्या बंदुका होत्या, पण त्या अनोळखी.

गुंडूला सगळं आठवलं. एकही गोष्ट विसरला नव्हता.

त्यानं आप्पाजींना अलगद उचलून आत आणलं आणि बंदुकीशेजारी बसवलं. भरलेलं ठेवायचं नाही. त्यानं त्यांचा खिसा रिकामा केला. तोंडात कवळी होती, तीही काढली. दोन वस्तूंची गाठ पडू द्यायची नाही. म्हणून कवळी गाडीच्या पुढच्या कप्प्यासाठी डाव्या हातात घेतली, चष्मा डिकीसाठी उजव्या हातात. लोकांना दिसता कामा नये. आप्पाजींवर डोक्यापासून पायापर्यंत घोंगडी टाकली.

आता पोलिसाला सांगायचं. पण बाहेर चारचौघे होते. गुंडू तोंड मिटून बाहेर येऊन उभा राहिला.

हवालदार धावत आला, कुलूप घातलं, लाखेचं सील मारलं आणि बंदोबस्ताच्या गाडीत बसून निघून गेला.

(पोरांनो, घाबरू नका. त्या खोलीला मोठी खिडकी होती. हवा भरपूर येते.)

दिवेलागणीला गुंडू घरी आला. सासूबाई आणि बायको मालू दारातच उभ्या.

"परवाना वाचला, मामी!" गुंडूनं पावती दिली.

"बरं झालं बाई. पण हे कुठायत?"

"बंदुकीपाशी."

"आणि बंदूक?"

"जमा. निकालानंतर सोडतात."

सासूबाई मटकन खाली बसल्या. मालू किंचाळली, "अहो, गाडी फिरवा! आधी फिरवा!"

"फिरवली असती," गुंडू म्हणाला. "पण आत्ताच टाकी रिकामी केली. भरलेली ठेवायची नाही ना."

म्हणून गुंडू पारावर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतोय. तुम्हीही ऐका, आणि तुमचं जाणं होणार नसेल तर जाणाऱ्याला सांगा:

"तालुक्याला कुणी निघालं, तर ठाण्यात एवढं कळवा, आतल्या खोलीत घोंगडीखाली आमचे मामा आहेत. आणि हे त्यांचे दात घेऊन जा. पण चारचौघांत बोलू नका. आणि दातांची आणि मामांची गाठ तेवढी पडू देऊ नका."