सारजा परटीण आणि टोनरचा डाग

महाराजांच्या पांढऱ्याशुभ्र अंगरख्यावर, ऐन पोटावर, पंजाएवढा काळा डाग पडला होता. पोट महाराजांचं होतं, पण डाग माझ्या अकलेचा होता!

मी विसाजी टेंबे, संस्थानचा राजयंत्रज्ञ. महाराजांना फर्मानं काढायचा भारी नाद, म्हणून मी त्यांना पानाच्या डब्याहून जरासाच मोठा लेझर प्रिंटर करून दिला होता. त्यात टोनरचं कार्ट्रिज, म्हणजे काळ्या पुडीची डबी. पूड संपली की जुनी डबी ओढून काढायची आणि नवी सरकवायची. महाराज यंत्राला कुणाला हात लावू देत नसत. डबी स्वतः बदलत, आणि काळेमिट्ट होत.

अंगरखा गेला सारजा परटिणीकडे. बिचारीने तो भट्टीत घालून चांगला उकळला. आता ही पूड उष्णतेने वितळून चिकटते, कागदावरसुद्धा ती तशीच बसते. हे सबंध संस्थानात एकाच शहाण्याला ठाऊक होतं, आणि तो शहाणा तिला सांगायला विसरला. डाग पक्का बसला.

महाराज दरबारात कडाडले, "आठ दिवस देतो! हा डाग गेला पाहिजे आणि दुसरा पडता कामा नये. डबी मीच बदलणार. हातमोजे घालणार नाही, सूचना वाचणार नाही. राजा सूचना देतो, वाचत नाही! यंत्रही तसूभर मोठं करायचं नाही. जमलं नाही, तर सारजाने नदीवरचा घाट सोडून चालतं व्हावं!"

"आणि मी, महाराज?"

"तुम्ही विद्वान आहात, टेंबे. तुमच्या हातून चुका व्हायच्याच."

घ्या! चोर सोडून संन्याशाला फाशी! सारजाच्या तीन पिढ्या त्या घाटावर राबल्या होत्या. तिने वळून माझ्याकडे बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

यंत्र घरी आणलं आणि सात दिवसांत मी सात डब्या केल्या. पहिलीला मोराच्या आकाराची मूठ बसवली. मोर सुरेख झाला, फक्त त्याच्या चोचीतून पूड गळायची. तिसरी इतकी घट्ट बसली की ओढताना मी तिच्यासकट उताणा पडलो. सातवीच्या तोंडाला सरकतं झाकण केलं आणि मिशीला पीळ भरून ती ओढली. सातवं धोतर काळं झालं.

धोतरं न्यायला सारजा आली. तिने सातही अंगणात पसरली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"पंत, सातांवर डाग एकाच जागी. पोटावर, डावीकडं. डबी काढता कशी, जरा दावा."

मी दाखवलं. यंत्राचं झाकण सोडलं की पडतं, म्हणून ते उजव्या हाताने वर धरलं. डाव्या हाताने डबी ओढली आणि पोटाशी कवटाळली. आठवं धोतर!

"अवो, डबीचं तोंड उघडंच ऱ्हायलं की!"

"ते बंद करायचं तिसऱ्या..." मी म्हणालो, आणि जीभ चावली.

"तिसरा हात हाय कुनाला?"

"देवीला आठ असतात," मी म्हणालो. पडलो तरी माझं नाक वरच होतं.

"मग ही डबी महाराजांस्नी कशापायी? देवळात ठिवा!"

मग तिने कमरेचा तंबाखूचा बटवा काढला आणि त्याची दोरी ओढली. तोंड मिटलं.

"बघा. मिटायला येगळा हात लागत न्हाई. जो वढतो, त्योच मिटवतो. तुमची डबी वढल्याबिगर भाईर येती का?"

"नाही."

"मग त्या वढन्यालाच झाकन बांधा की!"

बारा वर्षं यंत्रविद्या शिकलो, पण कुणी बटवा दाखवला नव्हता! मी यंत्रात एक आकडा बसवला. डबी ओढली की आकडा तिचं झाकण अडवून धरी, तोंड मिटे, आणि मगच डबी सुटे. आत सरकवली की तोंड आपोआप उघडे.

आठव्या दिवशी महाराज कोरा अंगरखा घालून आले. त्यांनी डबी ओढली, पोटाशी धरली, उलटी करून हलवली, आणि शेवटी हट्टाला पेटून तिच्यावर बसले. एक कण सांडला नाही!

"दुसरा डाग पडला नाही, कबूल," महाराजांनी जुना अंगरखा उंच धरला. "पण पहिला? हा जागच्या जागी आहे! घाट सोड!"

"महाराज, चूक माझी..." मी पुढे झालो.

"गप्प बसा, टेंबे!" महाराज आणि सारजा एकदमच म्हणाले.

सारजा म्हणाली, "महाराज, घाट सोडायचं फर्मान तेवढं छापून द्या."

महाराजांनी खुशीने छापलं. सारजाने ते घेतलं, पाण्याच्या घंगाळात बुडवलं आणि तळहाताने हलकेच चोळलं. सगळा दरबार आ वासून बघत राहिला.

"हे काय चाललंय?"

"अक्षरं जात्यात का, ते बघते."

"जातील कशी? फर्मान आहे माझं! पाण्याने गेलं तर उद्या जो तो नको असलेलं फर्मान धुऊन टाकील!"

"पूड तीच हाय, महाराज. जिला तुमचा अंगरखा धुता यील, तिला तुमची समदी फर्मानं धुता येतील. अन् घाटावर तर समदा गाव येतो! आता तुमीच सांगा, डाग काढायला शिकू का?"

महाराजांनी अंगरख्याकडे बघितलं. ओल्या फर्मानाकडे बघितलं. आणि असे हसत सुटले की फेटा सुटून मांडीवर आला.

"नको, बाई, नको! शिकू नकोस!"

तिथल्या तिथे दुसरं फर्मान छापलं: घाट सारजाचा, तिच्या लेकीसुनांचा, पिढ्यान्‌पिढ्या. वर एक जरीचं लुगडं.

मलाही बक्षीस मिळालं. तो डागाचा अंगरखा! दर दरबाराला मी तोच घालून यावं, असं फर्मान निघालं. घरी जाऊन मी ते गुपचूप पाण्यात घातलं, चांगलं खसाखसा चोळलं. कागद फाटला, पण अक्षर हललं नाही!