बांधवलीची चिखलाची पेंढी

वसईकडच्या बांधवली गावात आगेऱ्याला, म्हणजे नव्या भाताच्या सणाला, वेदीवर जी पहिली पेंढी जाते ती चिखलाने माखलेली असते. पांढऱ्याशुभ्र वेदीवस्त्रावर तिचा डाग पडतो आणि तो पुढच्या आगेऱ्यापर्यंत कोणी धूत नाही. ही पेंढी नेण्याचा मानही मोठ्या शेतकऱ्याचा नव्हे. ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, त्याचाच तो मान. पाहुण्यांना याचे नवल वाटते. त्यांनी फारच प्रश्न विचारले की गावकरी त्यांना खाडीकडे पिटाळतात. उघाडीवर रुमावबाबा बसले असतील, त्यांना विचारा म्हणतात.

उघाडी म्हणजे बांधातले दार. भरतीला फळ्या लावून खारे पाणी अडवायचे, ओहोटीला त्याच फळ्या काढून शेतातले जादा पाणी सोडायचे. सगळा गाव देवळात असताना (इथले जुने लोक चर्चला देऊळच म्हणतात) रुमावबाबा सणाचे कोरे कपडे घालून, छत्री उघडून या दारापाशी बसलेले असतात. पाहुण्याला आधी छत्रीच्या सावलीत घेतात, बसायला फडके देतात आणि मग सांगू लागतात.

त्यांच्या पणजोबांच्याही आधीची ही गोष्ट, असे सांगतात. तेव्हा गावात कोंसू नावाची एक विधवा होती. घरी ती आणि तिची आंधळी सासू, दोघीच. उघाडीला लागून त्यांची झोपडी. कोंसू दुसऱ्यांच्या शेतात लावणी करायची, कापणी करायची आणि मजुरी म्हणून भाताच्या पेंढ्या घ्यायची. त्या वर्षी हळवे, म्हणजे लवकर पिकणारे भात कापून झाले होते आणि तिच्या वाट्याच्या पेंढ्या झोपडीच्या कुडाला लावून रचल्या होत्या. पुढची लावणी येईपर्यंत दोघींच्या पोटाला तेवढाच आधार होता. उशिरा पिकणारे गरवे भात मात्र अजून शेतात उभे होते, सगळ्या गावाचे, सोन्यासारखे पिकलेले.

पहिल्या पेंढीचा मान तेव्हा वरच्या आळीच्या दुमिंगकडे होता. दुमिंग माणूस वाईट नव्हता, पण मानाचा भुकेला. खालच्या आळीचे लोक यंदा मान आम्हाला म्हणून हटून बसले, तेव्हा त्याने पेंढीसाठी कधी कोणी पाहिले नसेल असे मखर करायला घेतले. सणाच्या सकाळी लाकूड कमी पडले. चांगला जुना साग गावात एकाच ठिकाणी होता. त्याने उघाडीच्या चारही फळ्या काढून आणल्या. आता ओहोटी आहे, मिरवणूक झाली की लावू परत, असे तो म्हणाला. दिवस पुनवेचा होता. पुनवेला उधाणाची भरती भर दुपारी बाराला येते हे खाडीकाठच्या शेंबड्या पोरालाही कळते. दुमिंगलाही कळत होते. पण मान डोक्यात शिरला की भरती-ओहोटी बाहेर पडते, असे बाबा म्हणतात.

कोंसूनेही त्या दिवशी आपल्या पेंढ्यांतली एक निवडली, भरल्या लोंब्यांची. तिला मान नको होता. वेदीवर तिची पेंढी इतरांच्या ढिगात पडावी, एवढीच तिची इच्छा. देवळाच्या पायरीवर दुमिंगने तिला अडवले.

"जमीन नाय तुझी," तो म्हणाला, "मंग पेंढी तुझी कशी?"

सगळ्यांनी ऐकले. कोंसू मागे फिरली. पेंढी काखेत धरून ती बांधावरून घरी निघाली. तिला रडू येत होते आणि रागही येत होता. इतकी वर्षे ती ज्या शेतात वाकली, ते शेत तिला ओळखत नव्हते की काय?

इकडे देवळाच्या दारात दोन्ही आळ्या भिडल्या. पाद्रीबाबा झगा घालून उभे होते, पण आधी आत कोणी जायचे यावर कोणी हटेना. मिस्सा, म्हणजे सणाची उपासना, राहिली बाजूला.

कोंसू झोपडीशी पोचली तेव्हा खाडी उघाडीच्या उंबऱ्याला लागली होती आणि दाराला फळ्या नव्हत्या. गावात धावत जाऊन सांगायला वेळ नव्हता. उभ्या पिकात खारे पाणी शिरले की ते पीक तर जातेच, पुढची तीन वर्षे त्या जमिनीत काही पिकत नाही. तिने झोपडीची ताटी, म्हणजे कुडाचे दार, उपटून उघाडीत आडवी घातली. पाणी फटींतून येऊ लागले. तिने कुडाच्या पेंढ्यांकडे पाहिले. सासू आतून विचारत होती, काय झालं गो? कोंसूने पेंढ्या ओढून घेतल्या. एकेक पेंढी ताटीत कोंबत गेली आणि वरून चिखल थापत गेली. शेवटी काखेतली, देवाला काढलेली पेंढीही तिने घातली. मग स्वतः शेताच्या बाजूने ताटीला पाठ लावून, पाय रोवून उभी राहिली. तोंडाने नमो मरिया चालू होती आणि मधूनमधून शिव्या. शिव्या कोणाला, ते बाबा सांगत नाहीत, पाहुण्यांनी ओळखायचे.

ताटीपलीकडे पाणी तिच्या खांद्याइतके चढले तेव्हा देवळात बाराची घंटा झाली. घंटेला सवयीने सगळ्यांनी हात जोडले आणि भांडण थांबले. त्या शांततेत दुमिंगला बारा म्हणजे काय ते आठवले. तो जो पळत सुटला, त्याच्यामागे दोन्ही आळ्या आणि पाद्रीबाबाही. कोंसू तशीच उभी होती. तिच्या मागे खाडी डोक्याइतकी चढली होती आणि तिच्या पुढे शेत कोरडे होते. त्या दिवशी उधाणाने एकही पेंढी हलवली नाही म्हणे. माणसांनी तिच्याशेजारी पाठी लावल्या, मखर तिथे आणून मोडले आणि फळ्या परत बसवल्या.

त्या काळी दुपार उलटल्यावर मिस्सा होत नसे. पण मिस्सेआधी काही खायचे नसते, म्हणून पाद्रीबाबा तेव्हाही उपाशीच होते. ते म्हणाले, मिस्सा होईल, मोठ्या बाबांनी, म्हणजे बिशपांनी, विचारले तर मी बघेन. दुमिंगने चिखलातून ती शेवटची पेंढी ओढून काढली आणि डोक्यावर घेऊ लागला. कोंसूला मान द्यायचा म्हणून. कोंसूने ती त्याच्या हातातून घेतली.

"पेंढी माझी हाय. मीच नेन."

कोणी म्हणाले, धुऊन तरी घे. तिने धुतली नाही. तशीच, चिखलाच्या लुगड्याने वेदीपर्यंत गेली. बाहेर आली तेव्हा दोन्ही आळ्यांनी आपापल्या पेंढ्या तिच्या झोपडीपाशी रचल्या होत्या. दुमिंगने मात्र गावासमोर एक मागणे मागितले. यापुढे आगेऱ्याच्या दिवशी आपल्या घरचा एकजण देवळात न येता उघाडीवर बसेल, असे. गावाने ते दिले.

आजही बांधवलीत तसेच चालते. भातशेती आता थोडी उरली आहे, बांधापलीकडे इमारती आल्या आहेत. गेल्या वर्षी पेंढी नेली ती त्या इमारतींच्या पायऱ्या पुसणाऱ्या एका परगावच्या बाईने. चप्पल काढू की नको, हे तिने तीनदा विचारले म्हणे.

वेदीवर ती पेंढी दिसते कशी, असे एका पाहुणीने बाबांना विचारले. बाबा हसले.

"मी कुठं पाह्यली? मी दुमिंगच्या घरचा."

इतक्यात बाराची घंटा झाली. बाबांनी हात जोडले, मग उठून चारही फळ्या एकेक करून हाताने दाबून पाहिल्या आणि परत जागेवर येऊन बसले.